सुरक्षा-साधने विकणाऱ्याच्या डोक्यावरील दायित्व

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॅराग्लायडिंगचा एखादा अपघात झाला की दोन मागण्या ठरलेल्या असतात. आयोजकावर गुन्हा दाखल करा, ही पहिली आणि ज्याने साधने विकली त्यालाही सोडू नका, ही दुसरी. पहिल्या मागणीबद्दल येथे मला काही म्हणायचे नाही. दुसरीबद्दल मात्र लिहिणे आवश्यक वाटते, कारण नोकरीचा बराच काळ विमा कंपनीच्या दायित्व विभागात गेल्याने या प्रश्नाची दुसरी बाजू मी कागदपत्रांतून पाहिलेली आहे. विक्रेत्याला न्यायालयाची जितकी अधिक भीती, तितके साधन अधिक सुरक्षित, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ग्लायडर वैमानिकांच्या सुरक्षा-साधनांबाबत हा समज निम्माच खरा आहे आणि त्याच्या खोट्या निम्म्याची किंमत शेवटी वैमानिकालाच मोजावी लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्वित्झर्लंड आणि अमेरिका यांच्यामध्ये घडलेले आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे लहान विमान. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत गोल गोल फिरत तो उंची मिळवतो, आणि अशी चढती हवा जेथे सापडते तेथे साहजिकच अनेक ग्लायडर एकाच वेळी घिरट्या घालू लागतात. ग्लायडर बहुधा पांढरे असतात, त्यांचे पंख लांब आणि अतिशय पातळ असतात, त्यामुळे समोरून येणारा ग्लायडर शेवटच्या काही सेकंदांपर्यंत डोळ्यांना दिसतच नाही. आल्प्समध्ये अशा टकरी होत होत्या. प्रवासी विमानांत टक्कर टाळण्यासाठी बसवलेली यंत्रणा ग्लायडरला किमतीने, वजनाने आणि विजेच्या गरजेने परवडणारी नव्हती, शिवाय एकमेकांभोवती मुद्दाम जवळून फिरणाऱ्या विमानांसाठी ती बनलेलीच नव्हती. तेव्हा 2003-04च्या सुमारास स्वतः ग्लायडर उडवणाऱ्या काही स्विस अभियंत्यांनी ‘फ्लार्म’ नावाचे छोटे उपकरण तयार केले. जीपीएस आणि हवेच्या दाबावरून ते आपले स्थान आणि उंची जाणते, पुढील काही सेकंदांत आपण कोठे असू याचा अंदाज बांधून तो रेडिओवरून प्रसारित करते, आजूबाजूच्या ग्लायडरचे असेच संदेश ऐकते आणि दोन मार्ग एकमेकांना छेदणार असे दिसले तरच वैमानिकाला सावध करते. साधी, स्वस्त आणि नेमक्या गरजेतून निघालेली ही गोष्ट युरोपातील ग्लायडिंग क्लबांत झपाट्याने पसरली.

या उपकरणाच्या सुरुवातीच्या वर्षांतील माहितीपुस्तिकेत मात्र एक विलक्षण अट होती. अमेरिका आणि कॅनडात, किंवा तेथील वैमानिकांनी, हे उपकरण वापरू नये, असे उत्पादकानेच बजावले होते. अमेरिकेतील हवा वेगळी होती किंवा तेथे रेडिओ चालत नव्हता, असे काही नव्हते. अटीमागे उत्पादन दायित्वाची, म्हणजे वस्तूतील दोषामुळे इजा झाल्यास भरपाई देण्याच्या कायदेशीर जबाबदारीची, भीती होती. ज्या देशात ग्लायडिंग मोठ्या प्रमाणावर चालते, त्या देशातील वैमानिकांना कित्येक वर्षे हे उपकरण अधिकृतपणे मिळाले नाही. ‘पॉवरफ्लार्म’ या नव्या आवृत्तीच्या रूपाने ते तेथे रीतसर पोहोचले तेव्हा 2010 साल उलटून गेले होते. मधल्या काळात एखादा अमेरिकी वैमानिक केवळ हे उपकरण नसल्यामुळे दगावला, असा दावा मी करणार नाही, कारण तसे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे. माझा मुद्दा नेमका तेथेच आहे. जे साधन विकले गेले आणि अपुरे पडले, त्याचा खटला उभा राहतो. जे साधन भीतीपोटी विकलेच गेले नाही, त्याचा खटला कोणत्याही न्यायालयात उभा राहत नाही.

अमेरिकेचीच इतकी भीती का, असा प्रश्न वाचकांना पडेल. तेथे नुकसानभरपाईची रक्कम ज्युरी ठरवते आणि प्रत्यक्ष नुकसानीखेरीज दंडात्मक भरपाईही देऊ शकते. फिर्यादीचा वकील बहुधा मिळणाऱ्या रकमेतील हिश्श्यावर काम करतो, त्यामुळे दावा दाखल करताना जखमी माणसाच्या खिशाला झळ बसत नाही. ही व्यवस्था गरीब फिर्यादीसाठी चांगली आहे, हे मला मान्य आहे. पण सर्वसाधारण नियमाप्रमाणे खटला जिंकणाऱ्या प्रतिवादीलाही आपला वकिली खर्च समोरच्याकडून परत मिळत नाही. म्हणजे पाच-सहा माणसांची एखादी कंपनी पूर्णपणे निर्दोष ठरली तरी निर्दोष ठरण्याच्या खर्चानेच ती बुडू शकते. दायित्व विभागात काम करणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या वर्षीच शिकावी लागते. भरपाईच्या रकमेइतकाच, आणि कित्येकदा तिच्यापेक्षा अधिक, बचावाचा खर्च विमा कंपनीला छळतो.

ग्लायडरशी थेट संबंध असलेला एक अमेरिकी खटला या संदर्भात पाहण्यासारखा आहे. 1983 साली न्यू मेक्सिको राज्यातील एका छोट्या विमानतळावर पायपर कंपनीचे ‘सुपर कब’ विमान ग्लायडरला दोरीने ओढत उड्डाणासाठी धावत होते. ग्लायडरचे चित्रीकरण करण्यासाठी विमानात पुढच्या बाजूला कॅमेरा बसवलेला होता आणि वैमानिक मागच्या आसनावरून विमान चालवत होता. हे उड्डाण होऊ नये म्हणून धावपट्टीवर एक व्हॅन आडवी लावण्यात आली होती. विमान तिच्यावर आदळले, वैमानिकाचे डोके कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर आपटले आणि मेंदूला गंभीर इजा झाली. दावा विमान बनवणाऱ्या कंपनीवर लावण्यात आला. मागच्या आसनाला खांद्यावरून येणारा पट्टा नव्हता आणि त्या आसनावरून पुढचे नीट दिसत नव्हते, असे आक्षेप होते. कंपनीचे म्हणणे असे की, केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने हा आराखडा मंजूर केलेला असताना राज्याच्या कायद्याखाली तो सदोष ठरवता येणार नाही. अपील न्यायालयाने 1993 साली हे म्हणणे फेटाळले. सरकारी मंजुरी म्हणजे किमान पात्रता, ती दायित्वापासूनचे कवच नव्हे, असा त्याचा अर्थ.

हा निकाल मला चुकीचा वाटत नाही. खांद्याच्या पट्ट्याचा उपयोग फार पूर्वीपासून ठाऊक होता, आणि मंजुरीचा शिक्का दाखवून सुटका मिळत असती तर सुधारणेला कोणी हात घातला नसता. मात्र धावपट्टीवर व्हॅन लावणारा, विमानात कॅमेरा बसवणारा आणि अनेक दशकांपूर्वी विमानाचा आराखडा काढणारा, हे सगळे एकाच दोरीत ओवले गेले की ज्याच्याकडे पैसा किंवा विमा आहे त्याच्याकडे दाव्याचा रोख वळतो, हेही तितकेच खरे. त्या काळात अमेरिकेतील छोट्या विमानांच्या धंद्याची अवस्था काय झाली, हे आकड्यांवरून दिसते. 1978 साली तेथील कारखान्यांतून सुमारे 17,800 छोटी विमाने बाहेर पडली होती. 1994 साली 928. सेस्नाने 1986 साली पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचे उत्पादनच थांबवले. या घसरणीचे सगळे खापर खटल्यांवर फोडणारे लोक आहेत, पण मंदी, महाग कर्जे आणि बाजारात उपलब्ध असलेली वापरलेली विमाने हीही कारणे होती. तरीही दायित्वाचा वाटा एवढा होता की 1994 साली तेथील संसदेला खास कायदा करून वीसपेक्षा कमी आसनांच्या, नियमित प्रवासी सेवेत नसलेल्या विमानांच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या उत्पादकांचे दायित्व 18 वर्षांनंतर संपेल, अशी मर्यादा घालावी लागली. नवा भाग बसवला तर त्या भागापुरती ही मुदत नव्याने सुरू होते, आणि धोक्याची माहिती दडवणाऱ्या उत्पादकाला या कायद्याचा आधार मिळत नाही. सेस्नाने त्यानंतर ती विमाने पुन्हा बनवायला घेतली. वैमानिकाच्या पाठीवर बांधलेले पॅराशूट ‘विमानाचा भाग’ ठरते काय, हा प्रश्न मात्र वकिलांना वाद घालण्यासाठी मोकळाच आहे.

पॅराशूटचा उल्लेख आला म्हणून सांगतो. फ्लोरिडातील एक नामांकित पॅराशूट उत्पादक आपल्या अधिकृत नावाच्या सुरुवातीलाच ‘अनइन्शुअर्ड’ हा शब्द लावते. आमच्याकडे दायित्वाचा विमा नाही, तेव्हा मोठ्या रकमेच्या आशेने आमच्यावर दावा लावू नका, असा इशारा फलकावरच लावण्याचा हा प्रकार आहे. माझ्यासारख्या विमेवाल्याला हे नाव वाचून हसू येते, पण त्यामागचे गणित निर्दयपणे बरोबर आहे. प्रश्न इतकाच की साधनात खरोखरच दोष निघाला आणि माणूस कायमचा अपंग झाला, तर या गणितात त्याला काय मिळते? अशा तोडग्याला मी सुरक्षेची व्यवस्था म्हणू शकत नाही.

सुरक्षा-साधनांच्या बाबतीत आणखी एक विषमता आहे. 28 ऑगस्ट 2006 रोजी नेवाडा राज्यात हॉकर जातीचे एक छोटे जेट विमान आणि एक ग्लायडर यांची हवेत टक्कर झाली. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला आणि इतर विमानांच्या यंत्रणेला आपले अस्तित्व कळवणारे उपकरण, बसवलेले होते. पण बॅटरी वाचवण्यासाठी वैमानिकाने ते बंद ठेवले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. ग्लायडरला ट्रान्सपाँडरची सक्ती नसल्याने हे नियमबाह्यही नव्हते. जेट विमान चाके न उघडता कसेबसे उतरले, ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला आणि दोन्ही विमानांतील सगळे वाचले. फ्लार्म असते तरी ही टक्कर टळली नसती, कारण जेटमध्ये ते नव्हते आणि त्या वेळची ही यंत्रणा दोन्हीकडे असल्याशिवाय काही सांगू शकत नव्हती. या घटनेत पॅराशूट उघडले, म्हणून ते कोणी बनवले आणि कोणी विकले, याची चर्चा झाली नाही. ते उघडले नसते तर पहिली नोटीस त्याच पत्त्यावर गेली असती. शिवाय सुरक्षा-साधन ज्या क्षणी वापरात येते, त्या क्षणी अपघात आधीच घडलेला असतो. त्यामुळे इजा अपघाताने झाली की साधनाच्या अपयशाने वाढली, याचा वाद प्रत्येक वेळी निघतो आणि तो निस्तरण्यासाठी महागडे तज्ज्ञ लागतात.

आता आपल्याकडे. हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे आणि कामशेत, पाचगणी या भागांत पॅराग्लायडिंग रुजलेले आहे. दोन्हींसाठी लागणारी दर्जेदार साधने, म्हणजे राखीव पॅराशूट, हार्नेस (वैमानिकाला बांधून ठेवणारा पट्ट्यांचा साज), हेल्मेट, उंची दाखवणारी उपकरणे, बहुतांशी परदेशी बनावटीची असतात. ती विकणारा म्हणजे बहुधा स्वतः उडणारा, एखाद्या युरोपीय कंपनीची एजन्सी घेतलेला, एक-दोन मदतनीस असलेला माणूस. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील उत्पादन दायित्वाचे प्रकरण जुलै 2020 पासून लागू आहे आणि त्यातील कलम 86 या माणसाने मुळातून वाचायला हवे. केवळ विक्रेता असलेल्यावर हे कलम सरसकट दायित्व टाकत नाही. त्याने वस्तूत फेरफार केला असेल, उत्पादकापेक्षा वेगळी हमी स्वतः दिली असेल, जोडणी, तपासणी वा देखभालीत वाजवी काळजी घेतली नसेल किंवा उत्पादकाचे इशारे आणि सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नसतील, तर तो जबाबदार ठरतो. येथवर तक्रारीला जागा नाही. पण याच कलमात असेही आहे की उत्पादक कोण हे माहीत नसेल, किंवा माहीत असूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, त्याला भारतीय कायदा लागू होत नसेल वा त्याच्याविरुद्धचा आदेश अमलात आणता येत नसेल, तर विक्रेत्यावरच दायित्व येते. परदेशी उत्पादकाचे भारतात कार्यालय नसले की कामशेतचा दुकानदार व्यवहारतः त्या उत्पादकाच्या जागी उभा राहतो. आराखड्यातील ज्या दोषाची त्याला कल्पना असणेही शक्य नाही, त्याचे उत्तर त्याने द्यायचे.

ग्राहकाच्या दृष्टीने या तरतुदीमागचा हेतू योग्य आहे. जखमी माणसाने ऑस्ट्रियात किंवा फ्रान्समध्ये जाऊन दावा लढवावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. पण हे ओझे ज्याच्यावर टाकले, त्याला ते उचलण्यासाठी विमा मिळतो का, हे कोणी पाहिले नाही. उत्पादन दायित्वाच्या सर्वसाधारण पॉलिसीत विमानात वापरल्या जाणाऱ्या वस्तू सहसा वगळलेल्या असतात. विमान वाहतूक विम्याचा विभाग मोठ्या विमानांचे आणि विमानतळांचे प्रस्ताव पाहतो. वर्षाला मोजकी राखीव पॅराशूट विकणाऱ्याचा प्रस्ताव त्याच्या टेबलावर आला तर किमान प्रीमियमच त्या माणसाच्या नफ्यापेक्षा अधिक निघतो. अमेरिका आणि कॅनडातील दावे वगळण्याचे कलमही आपल्या पॉलिसींत नेहमीचेच आहे, आणि आपल्या डोंगरांवर परदेशी पर्यटकही उडतात. नव्या कायद्यात दावा कोणत्या ग्राहक आयोगापुढे चालायचा हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, ग्राहकाने मोजलेल्या किमतीवर ठरते. त्यामुळे वस्तू काही हजारांची आणि मागणी कोटीची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते. ग्राहकाला ते सोयीचे आहे, विक्रेत्याला मात्र आपल्या जोखमीचा आकार किमतीच्या पावतीवरून कधीच कळत नाही.

याचा परिणाम काय होतो? ज्याला कायदा कळतो तो विक्रेता या धंद्यातून अंग काढून घेतो आणि कपडे, बूट, दोऱ्या विकू लागतो. मागणी काही थांबत नाही. परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या सामानातून राखीव पॅराशूट येते, किंवा कोणी वापरलेले हार्नेस व्हॉट्सॲप ग्रुपवर विकायला काढतो. या व्यवहारात पावती नसते, माहितीपुस्तिका नसते, पॅराशूट शेवटचे कधी उघडून पुन्हा घडी केले याची नोंद नसते. अमेरिकेत वैमानिकाचे आपत्कालीन पॅराशूट कृत्रिम धाग्यांचे असल्यास ते 180 दिवसांच्या आत अधिकृत रिगरकडून, म्हणजे पॅराशूटची घडी घालणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून, पुन्हा घडी करून घ्यावे लागते. फ्लार्मसारख्या उपकरणाची आज्ञावली दरवर्षी अद्ययावत करावी लागते. हे सांगणारा आणि लिहून देणारा माणूस म्हणजे अधिकृत विक्रेता. त्यालाच बाजारातून घालवून आपण सुरक्षेचा कोणता हेतू साधतो, हे मला उमगत नाही.

याचा अर्थ विक्रेत्यांना मोकळीक द्यावी, असा कोणी काढू नये. ‘मी माझ्या जबाबदारीवर उडत आहे, कोणावरही दावा लावणार नाही’ असे छापील कागद सह्या घेऊन फायलीत ठेवले की आपण सुरक्षित झालो, असे या क्षेत्रातील अनेकांना वाटते. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबाबत अशा कागदावर विसंबणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करून घेतो, कारण ग्राहकाचे हक्क मोठ्या प्रमाणावर डावलणाऱ्या करारांना हाच कायदा अनुचित ठरवतो. याउलट कलम 87 विक्रेत्याला खरा आधार देते. इजेच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला होता किंवा तिच्यात बदल केलेला होता, हे दाखवता आले तर त्याच्यावर दायित्व येत नाही. पण ते दाखवायला कागद लागतो. कोणत्या अनुक्रमांकाचे साधन कोणाला विकले, त्याबरोबर कोणत्या सूचना दिल्या, त्या मराठीत किंवा हिंदीत समजावल्या का, देखभालीची तारीख कधी कळवली, याची वही न ठेवणारा विक्रेता माझ्या सहानुभूतीला पात्र नाही. जर्मन-इंग्रजी पुस्तिका पिशवीत तशीच टाकून देणे म्हणजे इशारा पोहोचवणे नव्हे. दुकानदाराने तोंडाने ‘हे शंभर टक्के सुरक्षित आहे’ असे म्हणणे तर स्वतःच्या हाताने वेगळी हमी लिहून देण्यासारखेच आहे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. कलम 86 खाली जो विक्रेता परदेशी उत्पादकाच्या जागी उभा केला जातो, त्याने वरील नोंदी ठेवल्या असतील आणि इशारे ग्राहकाला समजेल अशा भाषेत दिले असतील, तर आराखड्यातील दोषापुरते त्याचे दायित्व विम्याच्या एका ठरावीक रकमेपर्यंत मर्यादित असावे, आणि साधनाचे उत्पादकाने सांगितलेले आयुष्य संपल्यावर ते संपावे. तो विमा मिळावा म्हणून राज्यातील साहसी क्रीडा संस्थांनी आणि विक्रेत्यांनी एकत्र येऊन सामूहिक पॉलिसीचा प्रस्ताव विमा कंपन्यांपुढे ठेवावा. वीस-पंचवीस छोटे विक्रेते एकत्र आले की किमान प्रीमियमची अडचण बऱ्याच अंशी सुटते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. साहसी पर्यटनासाठी आपल्या राज्याचे स्वतंत्र धोरण आहे आणि त्यात आयोजकांच्या नोंदणीचा विचार झालेला आहे. साधनांच्या विक्रेत्यांची नोंदणी आणि त्यांचा विमा हे विषय त्यात घ्यावेत, आणि पुढील उड्डाण-हंगाम सुरू होण्यापूर्वी पर्यटन संचालनालयाने या क्षेत्रातील विक्रेते, प्रशिक्षक आणि विमा कंपन्यांचे प्रतिनिधी यांची एक बैठक बोलवावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त विमा अधिकारी, पुणे